तीन फुटांचे तुकडे करू नका: नागपुरातल्या एका सोसायटीत पडलेल्या चार झाडांचं प्रकरण

नागपूरचा उन्हाळा जाता जाता राग काढतो तो झाडांवर. मेच्या शेवटी दिवसभर भाजलेल्या जमिनीवरची हवा वर चढते, दुपारनंतर ढगांचे डोंगर उभे राहतात, आणि पाऊस सुरू झाला की त्याच्याबरोबर खाली कोसळणारा थंड वारा वीस-पंचवीस मिनिटांत अख्खी कॉलनी झोडपून जातो. पाणी पडतं जेमतेम अंगण भिजवण्यापुरतं. सकाळी रस्त्यावर झाडं आडवी.

हे प्रकरण अशाच एका संध्याकाळचं आहे. पश्चिम नागपुरातली जुनी सोसायटी, प्लॉट मोठे, झाडं सोसायटीइतकीच जुनी. त्या वाऱ्यात चार पडली: एक कडुनिंब, एक विलायती शिरीष, एक आंबा, एक गुलमोहर. माणसाला खरचटलंही नाही. एका स्कूटरचा चुराडा झाला आणि कुंपणाची दहा-बारा फूट भिंत गेली. मी हिंगणा रोडला लाकडाचं छोटं शेड चालवतो. सोसायटीच्या अध्यक्ष निवृत्त शिक्षिका आहेत, माझ्या आईच्या मैत्रीण. सकाळी सातला काकूंचा फोन आला. "अरे, इथे माणसं करवती घेऊन आलीत. सगळं जळाऊत चाललंय. तुझ्या कामाचं काही असेल तर चहा प्यायच्या आधी ये."

चहा न पिता निघालो, तरी पोहोचेपर्यंत आंब्याच्या बुंध्याचे निम्मे तुकडे झाले होते.

मुकादमाचं गणित

झाडं उचलायला आलेली टोळी जळाऊ लाकडाच्या धंद्यातली. मुकादम पन्नाशीचा, कामात तरबेज. मी म्हटलं, "काका, बुंधे लांब राहू द्या ना. कशाला एवढे बारीक करता?" तो हसला. "भाऊ, तीन-तीन फुटाचे नाही केले तं ट्रॉलीत बसतीन कसे? अन् उचलन कोण, तुम्ही?"

त्याचं चूक नव्हतं. तीन फुटांचा तुकडा दोन माणसं लोळवत नेऊन ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढवतात. जळाऊ लाकूड क्विंटलवर विकलं जातं, लांबीला तिथे किंमत नाही. लांब ओंडका त्याच्यासाठी फक्त डोकेदुखी. पण लाकूडकामाच्या बाजूनं पाहिलं तर तीन फुटांचा तुकडा म्हणजे दोन फुटांचाच तुकडा. ओल्या लाकडाला टोकांकडून भेगा पडतात, दोन्ही बाजूंनी सहा-सहा इंच सोडावेच लागतात. उरलेल्या दोन फुटांत स्टुलाचे पाय निघतील, पोळपाट निघेल. बाक निघणार नाही, टेबल नाही, दाराची चौकट तर नाहीच. त्याउलट दहा फुटांच्या ओंडक्यातून तेवढाच फूटभर गेला तरी नऊ फूट हातात राहतात.

पडलेल्या झाडांबद्दल बोलताना लोक वादळाला दोष देतात. माझ्या पाहण्यात लाकडाचं खरं नुकसान दुसऱ्या दिवशी सकाळी सात ते अकरा या वेळात होतं, आणि ते करणाऱ्या माणसाला त्यात काही वावगं दिसत नाही, कारण त्याला कोणी काही सांगितलेलंच नसतं.

सौदा पाच मिनिटांत झाला. फांद्या, शेंडे, गुलमोहर सगळा तुमचा. कडुनिंबाचा बुंधा, शिरीषाचा बुंधा आणि आंब्याचं उरलेलं खोड आमच्याकडे राहू द्या. मुकादम खूश, कारण सगळ्यात जड माल त्याला उचलायचाच नव्हता. हा सौदा करता आला कारण चारही झाडं कुंपणाच्या आत होती. रस्त्याच्या कडेचं झाड असतं तर ते महापालिकेचं, त्यावर ना काकूंचा हक्क ना माझा.

आडवं झाड मेलेलं नसतं

कडुनिंब मुळांसकट उपटून पडलं होतं. मुळांचा चकला, म्हणजे माती-मुळांची ती गोल ढाल, पुरुषभर उंच उभी, आणि मागे खड्डा. चकल्याची एक बाजू पाहिली आणि कारण कळलं. पश्चिमेकडची मुळं मनगटाएवढी जाड, पण सगळी एकाच रेषेत, सुरीनं कापल्यासारखी संपलेली. काही वर्षांपूर्वी तिथून नाली गेली होती आणि वर सिमेंटचे ठोकळे बसले होते. वारा आला पश्चिमेकडून, आणि ज्या बाजूनं झाडाला धरून ठेवायचं त्याच बाजूला धरायला मुळं नव्हती.

इथे एक गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी, कारण दर वादळानंतर यात माणसं जखमी होतात. आडवं पडलेलं खोड ताणलेल्या धनुष्यासारखं असतं. बुंध्याचं वजन चकल्याला उभं धरून ठेवतं. बुंधा कापला की ते वजन जातं आणि चकला आपल्याच भारानं खड्ड्यात परत बसू शकतो, खुंटासकट. आमच्याकडे तसंच झालं. मुळापासून दोन फुटांवर काप पूर्ण झाला आणि अख्खा खुंट धप्पकन उभा राहिला, जणू झाडाला पुन्हा उगवायचं होतं. त्याच्या पाच मिनिटं आधी सोसायटीतली दोन पोरं त्या खड्ड्यात उतरून गोगलगाई शोधत होती. मुकादमानं त्यांना कान धरून बाहेर काढलं होतं. ज्याला मी मनातल्या मनात लाकडाचा शत्रू ठरवून बसलो होतो, त्यालाच हे माहीत होतं.

फांदीवर टेकलेल्या खोडाचंही तसंच. वाकलेल्या लाकडाची फुगीर बाजू ताणलेली असते, आतल्या वळणाची दाबलेली. आधी दाबलेल्या बाजूला छोटी खाच, मग ताणलेल्या बाजूनं काप. दाबलेल्या बाजूनं खोल गेलं तर करवतीचा पट्टा अडकतो, ताणलेल्या बाजूनं आधी कापलं तर खोड उभं चिरत जातं आणि चार फूट चांगलं लाकूड एका क्षणात जातं. विलायती शिरीषाचं वादळानंच तसं केलं होतं. ते उपटलं नव्हतं, जमिनीपासून आठ-नऊ फुटांवर मोडलं होतं आणि मोडता मोडता वरचा भाग लांबट ढलपीसारखा फाटत गेला होता. खालचा आठ फुटांचा सरळ बुंधा मात्र शाबूत.

गुलमोहराचा प्रश्नच नव्हता. मूळचा मादागास्करचा, भराभर वाढणारा, मऊ लाकडाचा. आत हात जाईल एवढी पोकळी आणि पोकळीत उदई, म्हणजे वाळवी. तो पडला यात नवल नव्हतं, इतकी वर्षं उभा कसा राहिला हे नवल.

पडलेलं आहे, पाडलेलं नाही

नागरी भागातल्या झाडांना महाराष्ट्रात १९७५चा झाडांच्या संरक्षणाचा आणि जतनाचा कायदा लागू आहे. २०२१च्या दुरुस्तीनं त्यात पन्नास किंवा त्याहून जास्त वर्षांच्या झाडांना वारसा वृक्ष म्हटलं गेलं. आपलं कडुनिंब त्या वयाच्या आसपासचं. तेव्हा हातात पहिला कागद हवा तो हे सांगणारा, की झाड पडलेलं आहे, पाडलेलं नाही. वृक्ष अधिकाऱ्याकडे अर्ज, जागेवरचा पंचनामा, फोटो. वाहतुकीचा विषय त्याहून वेगळा आणि तो वनखात्याकडे जातो: जातीनुसार नियम बदलतात, काहींना परवाना लागतो, काहींना सूट असते. आणि आरामशीनवाला, म्हणजे ओंडके चिरून देणारा, कागद पाहिल्याशिवाय ओंडका आत घेत नाही. सर्वोच्च न्यायालयातल्या, जंगलतोडीविरुद्धच्या गोदावर्मन खटल्यापासून आरामशीनचा परवाना ही नाजूक गोष्ट झाली आहे. तुमच्या एका ओंडक्यासाठी तो आपला धंदा पणाला का लावील?

आमच्या घोड्यानं इथे पेंड खाल्ली, आणि दोष माझा. कडुनिंब आणि शिरीष यांचे फोटो मी सगळ्या बाजूंनी काढले: मुळं, चकला, मोडलेली जागा, शेजारी उभी पडकी भिंत. आंब्याचे काढलेच नाहीत. निम्मा कापून झाला होता, म्हटलं आता काय काढायचे. पाहणीला आलेल्या माणसानं साधा प्रश्न विचारला, "हा आंबा वादळात पडला हे कशावरून?" खुंटावर तर करवतीचा काप. शेजाऱ्यांचे जबाब, कोणाच्या तरी मोबाइलमधला रात्रीचा व्हिडिओ, पुन्हा पाहणी. दोन ओंडके सहाव्या दिवशी हलले, आंबा तब्बल एकविसाव्या दिवशी.

या दिवसांत ओंडक्यांचं काय होतं? झाडाच्या नळ्या खोडात उभ्या धावतात, त्यामुळे कापलेल्या टोकातून पाणी बाजूंपेक्षा दहापट-बारापट वेगानं उडतं. टोक आक्रसतं, मधलं लाकूड तसंच फुगलेलं, मधोमध तारा फुटावा तशी भेग पडते. जूनच्या पहिल्या आठवड्यातल्या नागपुरी उन्हात ही भेग डोळ्यांदेखत वाढते. म्हणून पहिल्याच दिवशी दोन्ही मोठ्या ओंडक्यांच्या टोकांना जुना ऑइल पेंट थापला, वर ओली तरटं बांधली. सोसायटीचा चौकीदार सकाळ-संध्याकाळ त्यांवर बादलीभर पाणी मारायचा. स्वीडनमध्ये २००५च्या जानेवारीत वादळानं साडेसात कोटी घनमीटर लाकूड आडवं केलं, तेव्हा तिथे ओंडक्यांचे डोंगर रचून त्यांवर महिनोन्‌महिने फवारे चालू ठेवले होते. तत्त्व एकच: लाकूड पाण्यानं गच्च भरलेलं असेल तर बुरशीला हवा मिळत नाही, पूर्ण सुकलेलं असेल तर पाणी मिळत नाही. बुरशीचं फावतं ते अधल्यामधल्या अवस्थेत. आमच्या चौकीदाराची बादली म्हणजे त्या फवाऱ्यांचीच धाकटी बहीण.

आंब्याला मी ना रंग लावला ना तरट. तो चुलीतच जाणार असं धरून चाललो होतो.

लकडगंज

नागपूरकराला लाकूड म्हणजे सागवान. त्यात त्याची चूक नाही, कारण बल्लारशाचा साग इथून हाकेच्या अंतरावर. अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी तिथूनच साग गेला आणि दिल्लीच्या नव्या संसद भवनात नागपूरचं सागवान लागलं. एवढं वैभव दाराशी असल्यावर कडुनिंबाला कोण विचारतो? लकडगंजात, नागपूरच्या लाकूडबाजारात, ओंडके घेऊन गेलो तेव्हा पहिल्या आरामशीनच्या सेठनं विचारलं, "भट्टीसाठी कापून पाहिजे का?" माझ्याबरोबरचे मिस्त्री भंडाऱ्याकडचे, चाळीस वर्षं रंधा मारलेले. तेही साशंक. "भाऊ, कडूनिंब अन् मुनगा, दोन्हीचं लाकूड लोक चुलीतच घालते."

मुनग्याबद्दल, म्हणजे शेवग्याबद्दल, त्यांचं बरोबर आहे. कडुनिंबाबद्दल नाही. कडुनिंब हा महोगनीच्या कुळातला. पक्कं, म्हणजे खोडाच्या गाभ्यातलं, लाकूड लालसर तपकिरी, जड, आणि कडू असल्यानं किडे त्याच्या वाटेला फारसे जात नाहीत. आजीच्या काळी कपड्यांच्या पेट्या कडुनिंबाच्या असत त्या उगाच नाही. दोष एकच, रेषा आलटून-पालटून उलट्या वळलेल्या असतात, त्यामुळे रंधा एकीकडून गुळगुळीत जातो आणि दुसरीकडून साल काढतो. विलायती शिरीष तर परदेशात मिरवणारं लाकूड आहे: मूळ अमेरिकेच्या उष्ण भागातलं, थायलंड-फिलिपिन्समध्ये त्याच्या वाट्या आणि टेबलं होतात. चॉकलेटी पक्कं लाकूड, भोवती पिवळसर पांढरं, आणि सुकताना ते फार कमी आक्रसतं. ते आपल्या रस्त्यांच्या कडेला सावलीसाठी लावलं गेलं आणि जळाऊ म्हणून संपतं.

मोजमाप लकडगंजच्या पद्धतीनं, चौथाई गोलाईनं. ओंडक्याच्या मध्यावर दोरी गुंडाळून घेर इंचांत घ्यायचा, त्याचा चौथा हिस्सा, त्याचा वर्ग, गुणिले फुटांतली लांबी, भागिले १४४. कडुनिंबाचा घेर ७२ इंच, लांबी १० फूट: १८ गुणिले १८ गुणिले १० भागिले १४४, म्हणजे साडेबावीस घनफूट. शिरीषाचा घेर १०८ इंच, लांबी ८ फूट: साडेचाळीस घनफूट. खरं घनफळ याहून जास्त असतं. या सूत्रानं गोल ओंडक्याचा साधारण साडेअठ्ठ्याहत्तर टक्केच भाग मोजला जातो, बाकीचा सालीत, भुशात आणि कडांच्या ढलप्यांत जाणार असं धरून. जुन्या लोकांनी वर्तुळाचं क्षेत्रफळ काढायची कटकट वाचवली आणि कापाईची तूटही त्यातच बसवली, हे मला फार आवडतं.

पैशांबाबत एवढंच सांगतो. सगळ्यात मोठा खर्च आरामशीनचा नव्हता, हायड्राचा, म्हणजे छोट्या क्रेनचा, होता. शिरीषाचा तो एक ओंडका टनाच्या वर भरला असणार. सोसायटीत उचलायला हायड्रा, लकडगंजात उतरवायला हायड्रा. हे भाडं कापाईपेक्षा जास्त झालं. एखाद-दुसऱ्या ओंडक्यासाठी हा उपद्व्याप परवडत नाही. तीन-चार सोसायट्यांचे ओंडके एकाच फेरीत गेले असते तर परवडला असता.

कापण्याआधी खिळ्यांची तपासणी. शहरातल्या झाडात माणूस काय काय ठोकतो! हातातल्या डिटेक्टरनं कडुनिंबाच्या दहा फुटांत अकरा ठिकाणी टीं-टीं केलं. बॅनरचे खिळे, केबलचे हूक, आणि एके काळी झाडाला बांधलेली कपड्यांच्या दोरीची कडी, जी आता चार इंच लाकडाच्या आत होती. दहा काढले. अकरावा सापडला नाही, तो आरामशीनच्या करवतीच्या पट्ट्याला सापडला. ठिणगी उडाली, सेठचा चेहरा पडला, पट्ट्याचे पैसे मी भरले. लोखंडाभोवतीचं लाकूड निळं-काळं होतं; फळीवर असा शाईचा ओघळ दिसला की समजावं, खिळा इथेच कुठेतरी आहे.

दिवसभर कडुनिंबाचा भुसा उडत होता. संध्याकाळी टपरीवर चहा घेतला तर तो कडू. मिस्त्री म्हणाले, "दुकानदाराला बोलू नका, आपलीच जीभ कडू होऊन राहिली." शिरीषानं जीभ कडू केली नाही, पण सगळ्यांना शिंकून शिंकून बेजार केलं. तोंडाला नुसता रुमाल पुरत नाही, मास्कच हवा.

कडुनिंबाच्या साडेबावीस घनफुटांतून साडेचौदा घनफूट कापीव माल निघाला: दीड आणि दोन इंचांच्या फळ्या, थोडे तीन बाय तीनचे पाय. खोडाच्या ऐन मध्यावरचा भेंडाचा ठिपका ज्या तुकड्यांत आला ते सगळे बाजूला काढले, कारण भेंड पोटात असलेला तुकडा आज ना उद्या चिरतोच. एक तुकडा मात्र माझ्याकडून टाकवला नाही. रंग इतका देखणा होता.

नखानं ओढल्यासारखी रेघ

वादळात पडलेल्या लाकडाचा एक दोष असा आहे की तो आरामशीनवर दिसत नाही. फळी रंधून झाली की मिस्त्री ती खिडकीकडे तिरपी धरून पाहतात. कडुनिंबाच्या दोन फळ्यांवर त्यांना रेषांना आडवी जाणारी एक बारीक, वाकडीतिकडी रेघ दिसली, कोणी नखानं ओढावी तशी. बोट फिरवलं तर जेमतेम जाणवते. झाड वाऱ्यात वाकतं तेव्हा ज्या बाजूला वाकतं तिकडचे तंतू दाबले जातात आणि चुरगळतात. वरून लाकूड अखंड वाटतं, पण त्या जागी त्यात दम राहिलेला नसतो. मी त्यातली एक फळी दोन विटांवर ठेवून पाय दिला. लाकूड मोडताना आधी करकरतं, लांब ढलप्या सोडतं. ही फळी गाजरासारखी तुटली, एका आवाजात.

म्हणून आमच्यापुरता नियम केला: वादळातल्या लाकडाची शिडी नाही, वासा नाही, झोक्याची पाटी नाही. टेबलाचा माथा, कपाटाचं दार, भिंतीवरची फळी, बाक. जिथे मोडलं तर माणूस पडेल तिथे हे लाकूड नाही.

पावसाळा, मग ऑक्टोबर, मग कूलर

ओल्या फळ्या लगेच बोरॅक्सच्या पाण्यात बुडवल्या. शंभर लिटर गरम पाण्यात तीन किलो बोरॅक्स, दोन किलो बोरिक पावडर. घुण आणि उदई दोन्हींवर हे चालतं, माणसाला फारसा त्रास नाही, आणि लाकूड जितकं ओलं तितकं ते आत जातं. सुक्या लाकडात शिरत नाही. पावसात मात्र धुऊन जातं, म्हणून घरातल्याच मालासाठी.

मग थप्पी. फळ्यांमध्ये इंचभर जाडीच्या सुक्या पट्ट्या, दीड-दोन फुटांवर, आणि वरपासून खालपर्यंत सगळ्या पट्ट्या एकाच ओळंब्यात. पट्टी सरकली की तिथे फळीला बाक येतो आणि तो कायमचा. पाऊस सुरू झाल्यावर सुकणं मंदावलं, त्यामुळे भेगा पडल्या नाहीत, पण पांढऱ्या, म्हणजे सालीलगतच्या, लाकडावर बुरशी डोकावली. आठवड्याला एकदा पंखा आणि कोरडं फडकं. खरा धोका ऑक्टोबरात. पाऊस गेला, ऊन तापलं, पत्र्याच्या शेडमध्ये भट्टी. तेव्हा थप्पीला चारी बाजूंनी तरटं बांधली, म्हणजे हवा लागेल पण झळ लागणार नाही. डिसेंबरात ओल मोजणारा मीटर बारा-तेरा टक्के दाखवू लागला, एप्रिलमध्ये आठ.

आणि आंबा? एकविसाव्या दिवशी कापला तेव्हा पांढरं लाकूड पाटीच्या दगडासारखं निळं-करडं पडलं होतं. निळेपणानं ताकद जात नाही, नुसतं रूप जातं. पण मागोमाग घुण आला. थप्पीखाली पिठासारखी भुकटी, फळ्यांवर टाचणीच्या टोकाएवढी भोकं. चार फळ्या वाचल्या. त्यांचा सोसायटीचा सूचनाफलक झाला, निळ्या ढगांचा. लोक विचारतात हा रंग कुठला मारला.

एक चूक अजून सांगायची राहिली. शिरीषाच्या अडीच इंची पाटाचं काकूंच्या बैठकीसाठी टेबल केलं आणि मेमध्ये पोहोचवलं. लाकूड आठ टक्क्यांवर, सगळं ठीक. पंधरा दिवसांत फोन: "टेबल डुलतंय." जाऊन पाहिलं तर पाटाची वरची बाजू फुगून कडा खाली वळलेल्या, आणि खोलीत खसचा वास. टेबलापासून चार फुटांवर कूलर, झोत थेट माथ्यावर. बाहेरच्या हवेत पंधरा-वीस टक्के आर्द्रता आणि त्या खोलीत पावसाळा! तेल मी फक्त वरच्या बाजूला नीट लावलं होतं, आणि तेलानं पाणी थांबतही नाही. सुकवायचा विचार करताना मी नागपूरच्या हवेचा विचार केला, नागपूरच्या घराचा नाही. टेबल हलवलं, खालूनही तितकेच हात दिले, खालच्या आडव्या पट्ट्यांच्या स्क्रूंची भोकं लांबट केली म्हणजे पाटाला सरकायला जागा राहील. पाऊस आला तसं ते बरंचसं सरळ झालं.

लाकूड किती हलतं हे लोकांना खोटं वाटतं. कडुनिंबाच्या एका फळीवर मी पेन्सिलीनं रुंदी लिहून ठेवली आहे. ऑगस्टमध्ये ३०२ मिलिमीटर, मेमध्ये २९७. फळी तीच, भिंत तीच. चौकटीत घट्ट बसवलेली असती तर त्या पाच मिलिमीटरनं चौकट तरी उघडली असती नाहीतर फळी तरी चिरली असती.

सोसायटीच्या बागेत आता कडुनिंबाचा बाक आहे, नालीच्या बाजूला, जिथे झाड होतं तिथेच. उरलेल्या झाडांच्या बुंध्यांभोवतीचे सिमेंटचे ठोकळे काकूंनी उचलून घेतले. बैठकीत बरीच वादावादी झाली, गाड्या कुठे लावायच्या यावरून. बारक्या तुकड्यांचे मिस्त्रींनी पुढच्या वर्षीच्या तान्ह्या पोळ्यासाठी बैल केले, सात. बाहेर मारबतीच्या मिरवणुकीची धामधूम आणि सोसायटीत पोरं सजवलेले नंदी ओढत दारोदार बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागत फिरत होती. एक तिसरीतला पोरगा तोंड पाडून आला. त्याच्या बैलाच्या छातीत उभी चीर पडली होती, चांगली नखभर रुंद.

मिस्त्रींनी बैल उलटा करून पाहिला. भेंडाचा ठिपका पोटाच्या बरोबर मध्यावर.

"हा तुमचा तुकडा, भाऊ," ते म्हणाले, आणि भेगेत भरायला भुसा आणि फेविकॉल शोधू लागले.